वेलीतला भाडेकरू

"पण बाबा, तुम्ही त्या वेलीला नक्की करता तरी काय?"

डॉक्टर हेरंब सबनीस सकाळपासून तिसऱ्यांदा हेच विचारत होते. भागूबाबा गावंडा दगडावर मूळ उगाळत होते. ते उगाळतच राहिले.

"काय करनार? खांदतो, उगाळतो, लावतो."

"ते कळलं हो. त्याच्या आधी काय करता?"

"आधी डोंगुर चढतो."

हेरंब चिडले. चिडणारच की! एवढे मोठे जंतुशास्त्रज्ञ, आणि समोर अंगठा उठवणारा म्हातारा. त्यात हाच म्हातारा चाळीस वर्षं डोंगराखालच्या सात वाड्यांच्या चिघळलेल्या जखमा बऱ्या करत आलेला.

दोन वर्षांपूर्वी याच अंगणात हेरंबांनी एक बाटली नाचवून दाखवली होती. जखम पिकवणारे जंतू ज्यानं मरतात ते औषध ही वेल बनवतच नाही, हा त्यांचा शोध. वेलीच्या मुळाच्या आत दुसरा एक बारीक जंतू राहतो, तो ते बनवतो. तोच त्यांनी वेचून बाटलीत घातला होता.

"तुमची वेल म्हणजे नुसतं घर, बाबा. भाडेकरू मी उचलला. आता घर पाडलं तरी चालेल!"

बाबा तेव्हा पोट धरून हसले होते.

भाडेकरूनं सुरुवातीला काय तो पराक्रम गाजवला! रोगाच्या जंतूंशेजारी सोडायचा अवकाश, सकाळी मैदान साफ. हेरंबांच्या गळ्यात हार पडले. मग हळूहळू त्याचा हात आखडला. आणि आता? आता रोगाचे जंतू त्याच्या मांडीला मांडी लावून बसत आणि हा कुणाला हूं की चूं करत नसे.

आठ दिवसांनी तपासणीला मंडळी येणार होती. बाटलीनं काम दाखवलं नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. चार वर्षांची मेहनत पाण्यात. रात्ररात्र झोप लागत नव्हती बिचाऱ्यांना. म्हणून तर बाटली पिशवीत घालून हा डोंगर गाठला होता.

"मेला का त्यो?" बाबांनी विचारलं.

"मरतोय कसला! चांगला गलेलठ्ठ झालाय. एका रात्रीत एकाचे लाख होतात."

"खायाला?"

"साखर, सत्त्व, सगळं वेळच्या वेळी. ऊन नाही, थंडी नाही. दुसरा एक जंतू आत फिरकू देत नाही. पोटच्या पोरासारखा सांभाळलाय, बाबा!"

"व्हय..."

एवढं म्हणून बाबा उठले. ओट्यावर खालच्या वाडीतली हिराबाई पिकलेला पाय धरून बसली होती आणि उगाळलेलं मूळ तिला पुरणार नव्हतं. बाबांनी कुदळ घेतली. हेरंब त्यांच्यामागून धापा टाकत चढले.

वाटेत झऱ्याकाठी तीच वेल पसरली होती. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. बाबा तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेले. वर उघड्या कातळाच्या फटीत एक वेल अंग चोरून होती. पानं किडीनं चाळण केलेली, शेंडा शेळ्यांनी ओरबाडलेला. बाबांनी तिच्यापुढे हात जोडले, आणि खणायला बसले.

"अहो, खालची एवढी छान सोडून हे काय काढताय?"

"तिच्यात दम न्हाई."

"का?"

बाबांनी मुळाची माती झटकली. मूळ कमरेला खोचलं आणि उतरायला लागले.

आता मात्र हेरंबांची खात्रीच पटली. म्हातारा काहीतरी दडवतोय. मंत्र असेल, मुहूर्त असेल, एखादी गुप्त पूड असेल. खाली अंगणात आल्यावर हिराबाईच्या पायाला लेप लागला, ती लंगडत घरी गेली, आणि हेरंबांनी सूर बदलला. माणसाला कशानं जिंकायचं हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटत होतं.

"बाबा, स्पष्ट बोलतो. तुमचं गुपित मला द्या. तुम्ही शहरात चला माझ्याबरोबर. स्वतंत्र खोली देतो. पंखा, गादी, दोन वेळचं गरम जेवण, चहा हातात."

"आन् काम?"

"काम कसलं? काहीच करायचं नाही!"

"डोंगुर?"

"नाही चढायचा. काटा नाही, ऊन नाही. हे पू भरलेले पाय घेऊन कुणी दारात येणार नाही. तसा पहाराच ठेवतो! जन्मभर झिजलात, आता खा, प्या आणि सुखानं बसा."

हेरंब मनापासून बोलत होते. त्यांना म्हाताऱ्याची खरंच माया होती.

बाबांनी हात धुतले. धोतराला पुसले. मग हेरंबांच्या पिशवीतून ती बाटली अलगद बाहेर काढली आणि उन्हात धरून कितीतरी वेळ न्याहाळली. आत दाट, दुधाळ, भरगच्च वाढ झाली होती.



"काय बघताय, बाबा?"

"ह्यालाबी आसंच सांगून नेलं व्हतं का, डाक्टर?"