चौथी गोळी

"नळी वाकली असेल का, बाबा?"

येसबा धुरी दर्ग्याच्या पायरीवर उकिडवा बसला होता. मांडीवर ठासणीची बंदूक आडवी. घाट चढून आल्यामुळे धाप लागलेली, तरी पहिलं वाक्य हेच निघालं.

दाऊदबाबा सुपातले हिरडे निवडत होते. ते निवडत राहिले…

हे दाऊदबाबा एके काळचे बंदुकीचे कारागीर. पंचक्रोशीतली एकही बंदूक त्यांच्या हाताखालून गेल्यावाचून राहिली नव्हती. म्हातारपणी अवजारं गुंडाळून ठेवली आणि घाटमाथ्यावरच्या या दर्ग्यात दिवाबत्ती करत राहिले. लोक तरी येतच. कुणी ताईत मागायला, कुणी नेम मागायला. ताईत ते देत नसत.

येसबाच्या गावात बंदूक एकच, आणि ती आजोबांपासून धुऱ्यांच्या घरी. भातात डुकरं शिरली की हाक येसबाला. नेम म्हणाल तर असा, की येसबा बंदूक घेऊन निघाला की बायका मसाला वाटायला घेत. हे कुणी तोंडावर बोललं तर गडी लाजून खाली बघणारा नव्हता. मिशीवरून हात फिरवायचा आणि पुन्हा सांग म्हणायचा.

आणि आता भादव्यापासून चार बार चुकले होते. एक नाही, दोन नाही, चार!

परवा दसरा. त्या दिवशी झाडाला टांगलेला नारळ एका बारात फोडायचा, ही गावची चाल. फुटला तर बंदूक वर्षभर त्याच घरी. नाही फुटला तर दुसऱ्या घरी. चुलतभाऊ तर भिंतीत खुंटी ठोकून तयार बसला होता. तीन पिढ्यांची बंदूक आपल्या हातून जाणार, या भीतीने येसबाला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

त्याने सगळ्या शंका बाबांपुढे ओतल्या. नळी वाकली असेल. नेम धरायची टोकाची माशी सरकली असेल. पावसाने दारू सर्दावली असेल. चुलतभावाने करणी केली असेल, हेही त्याने हळूच सांगून टाकलं.

बाबांनी सूप बाजूला सारलं. दारू न घालता, नुसतं हाताने, बार कसा भरतोस ते दाखव म्हणाले. येसबाने दाखवलं. दारूचं माप किती, चरबी लावलेली चिंधी केवढी, तिच्यावर गोळी कशी बसवायची, गजाने किती जोर देऊन ठासायचं, सगळं चोख. तिथे नाव ठेवायला जागाच नव्हती.

"चुकलेल्या गोळ्या आणल्यास?"

आणल्या होत्या. शिसं काही झाडाला लागत नाही. चुकलेली गोळी बांधातून नाहीतर खोडातून उकरून काढायची आणि वितळवून पुन्हा ओतायची, ही तिकडची रीत. शिवाय अंगावरचे ओरखडे बघून जाणता कारागीर नळीचं दुखणं ओळखतो. येसबाने कमरेची पिशवी सोडली. बाबांनी गोळ्या पायरीवर ओळीने मांडल्या.

मग नुसते बघत बसले…

"चार चुकले म्हणालास."

"हो."

"या तीन आहेत."

"पहिली सापडली नाही, बाबा."

"शोधलीस?"

दर्ग्याच्या छपरावर एक होला घुमत होता, तो येसबाला एकदम फार मोठ्याने घुमतोय असं वाटलं.

बाबांनी पुढे विचारलं नाही. बंदूक उभी धरली आणि लोखंडी गज नळीत सोडून दिला. गज तळाशी जाऊन खणकन वाजायला हवा होता. तो थप्प वाजला.

"धुतोस का हिला?"

"रोज पुसतो की."

"पुसतोस…"

बाबा उठले. आत चुलीवर पाण्याचं भांडं कढत होतं, ते घेऊन आले. मागच्या बारीक भोकात काडी खुपसली आणि कढत पाणी नळीत ओतलं. हलवून उपडं केलं, तर काळं पाणी. नुसतं काळं नव्हे, डांबरासारखं. पायरीवरून ते येसबाच्या पायाशी आलं आणि त्याने पाय मागे घेतले. बाबांनी पुन्हा ओतलं. पुन्हा काळं.

ठासणीची बंदूक बाराबाराला कढत पाण्याने धुवावी लागते, हे धुऱ्यांच्या घरात रांगत्या पोरालाही ठाऊक. आधीच्या बाराची काजळी आत राहिली की पुढची गोळी सरळ कशी जाईल? नेमबाज म्हणवणाऱ्याने ही चूक करावी म्हणजे सुगरणीने भात करपवावा. येसबाचे कान तापले.

"कधीपासून धुतली नाहीस?"

"भादव्यापासून."

"का?"

"धुवायची तर अंगणात बसावं लागतं, बाबा."

"मग बसावं."

"समोर…" येसबाचा आवाज खाली गेला. "समोर सारजावहिनीचं दार आहे."

बाबा भांडं हातात धरून थांबले. मग येसबाला बोलावंच लागलं. बोलताना त्याने मान वर केली नाही.

भादव्यातली सकाळ होती. भाताच्या बांधावर मोठा नर डुक्कर आला होता. येसबाने घाई केली आणि गोळी मागच्या पायात बसली. जनावर रक्त सांडत कारवीच्या झुडपांत घुसलं. अशा वेळी करायचं काय, हे आजोबांपासून ठरलेलं. झाडाचा टहाळ मोडून वाटेवर आडवा टाकायचा आणि गावाला हाक घालायची. टहाळ दिसला की माणूस ओळखतं, आत जखमी जनावर आहे. कुणी पुढे पाऊल टाकत नाही.

येसबाने टहाळ मोडला होता. हातात धरून वाटेवर उभाही राहिला होता. मग मनात आलं, हा टहाळ बघून गाव काय म्हणेल? येसबाचा बार कच्चा पडला? उभ्या जन्मात नाही तो आता पडला? त्याने टहाळ ओहोळात फेकला आणि घरी येऊन सांगितलं, बार फुकट गेला.

दुपारी सारजा त्याच वाटेने गवत कापायला गेली. डुकराने तिची मांडी फाडली.

ती वाचली. पण कायमची लंगडी झाली. गाव काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. हीच पिल्लांच्या वाटेला गेली असणार, हिची नजर कुठे होती, असं जो तो बोलला. बायामाणसाने एकटीने रानात जाऊच नये, असं एक जण म्हणाला.

"ते मीच म्हणालो, बाबा."

होला उडून गेला होता.

"तिला डोलीतून आणली तेव्हा पुढचा खांदा माझाच होता. ती मला म्हणाली, भावजी, तुम्ही धावलात म्हणून जगले… अजून म्हणते. काठी टेकत अंगणात येते, मला बघते आणि हसते. मी तिच्यासमोर बंदूक घेऊन कसा बसू?"

त्याला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नुसती लाज वाटत राहिली, पायापासून डोक्यापर्यंत. बाबांनी दोन शिव्या घालाव्यात, एक कानाखाली वाजवावी, असं त्याला मनापासून वाटलं. बाबांनी तसलं काही केलं नाही. भांड्यात उरलेलं पाणी त्यांनी नळीत ओतलं आणि बंदूक उपडी केली.

पाणी आता राखाडी होतं. पण निवळ नव्हतं.

येसबा त्या पाण्याकडे बघत राहिला. मग, इतकं सगळं बोलून झाल्यावरसुद्धा, त्याच्या तोंडून तेच आलं. सवयीने आलं म्हणा, भीतीने आलं म्हणा.

"परवा नारळ फुटेल का, बाबा?"

बाबांनी तिन्ही गोळ्या उचलून त्याच्या तळहातावर ठेवल्या. बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. मग रिकामं भांडं पायरीवर पालथं घातलं आणि पुन्हा हिरड्यांचं सूप पुढे ओढलं.

"माझ्याकडचं पाणी संपलं, येसबा," ते म्हणाले. "राहिलेलं सारजाच्या चुलीवर तापव."