एका डोणीचं पाणी

एक होता राजा. गडाच्या पायथ्याशी त्याची घोड्यांची पागा होती. राजाला गादीचा नव्हता इतका त्या पागेचा अभिमान, बरं का.

तिथं एक रीत होती. दसऱ्याला स्वारी निघायची, त्याआधी सगळी घोडी एकाच दगडी डोणीत पाणी प्यायची. एका डोणीचं पाणी प्यालेली घोडी रणात एकमेकांना सोडत नाहीत, असं म्हणत. पहिला घोट ज्याचा, तोच स्वारीत सगळ्यांच्या पुढं. तो मान होता पाखरी नावाच्या घोडीचा. आणि पाखरीवर बसायची येसू. आज्यापासून तिच्या घरात चालत आलेला मान तो, त्यासाठी ती वर्षभर वाट बघायची.

एकदा काय झालं, दसरा तोंडावर आला आणि येसू पाखरीला घेऊन घोडेबाजाराला जाऊन आली. आल्यापासून पाखरी चंदीला तोंड लावेना. चंदी म्हणजे घोड्याचे भिजवलेले हरभरे. तुमच्यासारखं ताटात टाकत नाहीत हो घोडी! येसूनं हात फिरवून पाहिलं. कान तापलेले, नाक वाहतंय, आणि जबड्याखाली गाठ. येसूनं ओळखलं, हा साथीचा रोग. एका घोड्याचा शेंबूड पाण्यात पडला, की त्या पाण्याला तोंड लावणाऱ्या सगळ्यांचे गळे सुजतात. शेजारच्या गावची निम्मी पागा अशीच आडवी झाली होती.

मग तिनं पाखरीला ओढ्यापलीकडं नेऊन बांधलं. बादली वेगळी, खरारा वेगळा. आणि राजाला निरोप धाडला, की पाखरी यंदा डोणीवर येणार नाही.

मग राजानं हुजऱ्या पाठवला. येसू नाही म्हणाली. मग सरदार पाठवला. तो म्हणाला, मान कायमचा जाईल, लोक भित्री म्हणतील. येसू रडली, पण नाहीच म्हणाली. मग राजा स्वतः ओढ्याकाठी आला, रागानं लाल होऊन.

“येसू, तुझ्या आज्यानं मिळवलेला मान तू घालवतेस?”

“घालवते, महाराज. पण तुमची पागा नाही घालवणार.”

राजानं ओढ्यापलीकडं पाहिलं. तापट होता, पण गाढव नव्हता. पाखरीचा सुजलेला गळा त्याला अलीकडूनही दिसला. मग त्यानं डोण उपसून कोरडी ठणठणीत केली. प्रत्येक घोडं आपापल्या बादलीत पाणी प्यायलं. म्हातारे कुरकुरले, पण राजापुढं कोण बोलणार?

मग दसरा उजाडला, नगारा वाजला. येसू पाखरीचा गळा शेकत बसली होती. आपल्या जागी दुसरं कुणी असेल, ते बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण स्वारी नेमकी ओढ्याकाठानं आली, आणि तिला राहवेना. बघते तर काय, सगळ्यांच्या पुढची जागा मोकळी! राजासुद्धा त्या जागेच्या मागून चालला होता. ही कुणाची जागा, असं लोक विचारत होते.

राजा ताठ मानेनं सांगत होता, “आमच्या येसूची.”

अशी पोर होती ती! मला तर सांगतानाही ऊर भरून येतो.

पुढं पाखरीची गाठ फुटली, घाण वाहून गेली, आणि ती पुन्हा चंदी खायला लागली. पागेतल्या एकाही घोड्याचा गळा सुजला नाही. सगळी सुखात राहिली. चला, मिटा आता डोळे. घोडी बिचारी उभ्या उभ्या झोपतात, तुम्हाला तर गादी आहे.