तापाची वही

एकदा एका वृद्ध खगोलशास्त्रज्ञांकडे त्यांची शिष्या चार महिन्यांचे काम घेऊन आली. बाळंतपणाच्या रजेनंतरचा हा तिचा पहिलाच शोधनिबंध. आपण मागे पडलो आहोत हे सर्वांना दिसते, फक्त कुणी बोलत नाही, अशी तिची खात्री होती. म्हणून निबंध आज संध्याकाळपर्यंत धाडायचाच, असे तिने ठरवले होते.

विषय होता सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा एक तारा. अवकाशातल्या दुर्बिणीने महिनाभर, दर काही मिनिटांनी, त्याचे तेज मोजले होते. अशी दुर्बीण तापते, निवते, तिच्यात पृथ्वीचा उजेडही शिरतो. मग मोजमापात सावकाश चढउतार येतात. शिष्येने असे सगळे चढउतार पुसून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला होता. उरली होती एक सरळ, स्वच्छ रेघ. निष्कर्ष एका ओळीचा : तारा शांत आहे.

गुरूंनी रेघ न्याहाळली आणि विचारले, "पोरीचा ताप उतरला का गं?"

"उतरला, सर. तीन दिवस होता."

"लिहून ठेवला असशीलच."

ती ओशाळली. ताप तिने तासातासाला मोजला होता. "अगं, पोरीला झोपू दे, त्या थर्मामीटरलाही झोपू दे," असे सासूबाई शेवटी म्हणाल्या होत्या. वही अजून पर्समध्येच होती.

"ते आकडे तुझ्या प्रोग्रॅमला दे."

"सर, निबंध आज जायचाय!"

"आधी हे."

तिने वही काढून बहात्तर आकडे भरले. पडद्यावर रेघ उमटली. सरळ, स्वच्छ. ताप एकशे तीनवर गेला ती दुपार, डॉक्टरांना चारदा फोन केला ती दुपार, त्या रेघेत कुठेच नव्हती.

गुरू म्हणाले, "या रेघेच्या मते तुझ्या मुलीला ताप आलाच नाही. जे सावकाश चढतं-उतरतं, त्याला तुझा प्रोग्रॅम दोष समजतो. अशा जड ताऱ्यांच्या पोटात सतत खदखद असते. तिच्या लाटा वर येतात आणि तेज वेडंवाकडं हलतं. आत काय चाललंय ते सांगायला ताऱ्यापाशी तेवढंच आहे. ते तू पुसलंस."

"पण दुर्बिणीचा दोष कुठला आणि ताऱ्याचं हलणं कुठलं, हे ओळखू कसं?"

"एकशे तीन दिसल्यावर पहिलं काय केलंस?"

"थर्मामीटर स्वतःला लावून पाहिला. मग सासूबाईंनाही."

"मग?"

"आम्हा दोघींना काहीच नव्हतं," ती म्हणाली, आणि पुढचे गुरूंना सांगावे लागले नाही.

तिने पुसलेले चढउतार पुन्हा काढले आणि आसपासच्या बारा ताऱ्यांच्या मोजमापाशेजारी मांडले. एक उतार तेराही ताऱ्यांत सारखा होता; तो दुर्बिणीचा. बाकीची थरथर त्या एकट्या ताऱ्याचीच होती.

"चार महिने फुकट गेले, सर."

"तारा तर आज सापडला."

निबंध त्या दिवशी गेला नाही. सरळ रेघ आपल्याला एवढी का आवडली, हे मात्र तिला उमगले. गेले काही महिने, इथे आणि घरी, तिला एकच वाक्य ऐकायचे होते.

निघताना तिने घरी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे."

"तसं नको, आई. नीट सांगा."

"सकाळी किरकिरली. दुपारी पेज थुंकली माझ्या अंगावर. मग तासभर झोपली, आता पातेलं बडवतेय."

ती जिन्यातच थांबली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.