फुलाची गाठ

"आता तरी झोळी माझ्या गळ्यात घालणार का न्हाई, बाबा?"

जानू ढेबेनं इचारलं, तेबी मिशी पिळत.

डोंगरावर पाहुण्यांना घोड्यावरून फिरवणारी माणसं ढीगभर. पण घोड्याचा पाय चिघळला की सगळ्यांची धाव एकाच जांभळीखाली. तिथं हैदरबाबा. फकीर माणूस, गळ्यात औषधांची झोळी. बाबांचा शब्द हुता, ज्याच्या हातून पहिला पाय नीट हुईल, झोळी त्याची.

तीन वरसं जानूनं बाबांच्या हाताखाली चिंध्या धुतल्या हुत्या. आता त्याच्याच चंद्री घोडीच्या मागल्या पायाला तार लागली, अन् गड्याला वाटलं, देवानंच परीक्षा धाडली.

"पट्टी तरी बघा!"

पट्टी बघण्यासारखीच हुती. पांढरीफेक, वेणीवानी घातलेली, वर फुलाची गाठ. नवरीचं मनगटबी कुणी एवढं नटवलं नसंल. खालच्या तळावरची माणसं चढ चढून बघून गेली. जानूनं सगळ्यांना पदरचा च्या पाजला.

बाबा उकिडवे बसले.

"कवा बांधली?"

"आज नववा दिस."

"मधी सोडली कितींदा?"

"सोडायची कशाला? पुन्हा अशी बसती व्हय!"

बाबांनी घोडीच्या तोंडाकडं बघितलं.

"चंद्री काय म्हणती?"

"जनावर काय म्हणणार? सारखी दातानं पट्टी ओढायची, गाठ इस्कटायची. मग तोंड वर करून आखूड बांधली झाडाला." जानू हसला. "चार दिस झालं, कशी गरीब झालीया बघा. पायाचं नावबी घेत न्हाई."

बाबांनी आधी तिचं तोंड सोडलं. मग टापेवर पंजा ठेवला. लई येळ ठेवला.

"हात लाव."

जानूनं लावला. टाप थंड. शेजारची बघितली... ऊबदार. पुन्हा पहिली बघितली.

मिशीवरचा हात खाली आला.

बाबा एकेक फेरा सोडत गेले. शेवटल्या फेऱ्याला असा वास सुटला की जानूनं तोंड फिरवलं.

तारेची जखम बोटभर. ती पार भरून आली हुती. तिच्या खालचा पाय मातर पट्टीनं आवळून काळा पडला हुता.

"धुऊ या, बाबा! लिंबाचा पाला उकळतो. तुमचा तो मलम..."

बाबा हलले न्हाईत. चंद्रीनं मान वळवली, सोडलेला पाय हुंगला, अन् दुसऱ्या कुणाचा असावा तशी मान फिरवली.

बाबांनी गळ्यातली झोळी काढली अन् जानूच्या गळ्यात घातली.

"मला? ...आज?"

जानूनं घाईघाईनं आत हात घातला. मलमाची डबी निघाली. हळदीची पुडी निघाली. पार तळाला हाताला काहीतरी कडक लागलं. कापडाची गुंडाळी. पिवळी पडलेली, मधून कापलेली. घडी वेणीची.

वर फुलाची गाठ.

"ही... कुणाची?"

"माझ्या पहिल्या घोडीची."

जानूनं गुंडाळी उलटीपालटी करून बघितली.

"ती चालली का वं पुन्हा?"

बाबांनी चंद्रीच्या मानेवरनं हात फिरवला. एकदा... दोनदा...

"गाठ बघायला समदा डोंगर लोटला हुता, जानू."