शाल्मलीची पाच मिनिटं

शाल्मलीचं टीव्हीवरचं पाच मिनिटांचं प्रहसन घराघरांत गाजलं होतं. वसतिगृहातली पोरगी वेफर्स खात खात आईला फोनवर सांगते, "वरणभात जेवतेय गं!" निर्माते जगतापसाहेबांनी तोच ऊस चिपाड होईस्तोवर पिळला आणि तिलाच घेऊन कॉलेजच्या पोरापोरींचा अडीच तासांचा विनोदी सिनेमा काढला. सांगलीतल्या पहिल्याच खेळाला लोक जांभया देत बसले.

दिवे लागताच साहेब सगळ्यांदेखत तिच्यावर कडाडले, "टीव्हीवरचा हशा यंत्राचा होता! तुला खरंच हसवता येत असेल, तर आत्ता हसवून दाखव."

शाल्मलीचे डोळे भरून आले. तरी ती पडद्यापुढे उभी राहिली. तिने रिकामी मूठ कानाला लावली आणि तोंडानेच कर्रकन आवाज काढला. "काही नाही गं आई, वरणात खडा आला!"

थिएटर खदखदून हसलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "आई, तू जेवलीस ना?" तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

शाल्मलीने मूठ खाली केली.

"थांबलीस का? अजून होऊ दे की!" हसू न आवरून साहेबच ओरडले.

ती मायेने म्हणाली, "सर, सिनेमाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."