कांडपिणीचा गळा

फार फार वर्षांमागं, राजे होते पण रस्ते नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान धरून ऐकावी, कारण चूक मोठ्यांचीच आहे.

डोंगराच्या पोटाशी एक भाताचं गाव होतं. त्या गावात सारजा नावाची कांडपीण राहायची. कांडपीण म्हणजे दुसऱ्यांचं भात उखळात कांडून देणारी बाई. सकाळी मुसळ हातात घ्यायची ते उन्हं कलल्यावर खाली ठेवायची. बदल्यात मिळायच्या कण्या. पण तिच्या गळ्यात जे होतं ते त्या मुलखात कुणाच्या गळ्यात नव्हतं, आणि डोक्यात तर नव्हतंच. सारजा नुसती गात नव्हती. ती गाणी रचायची.

त्या गावाची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की शिवेवर दोन्हीकडची माणसं थांबायची आणि मुलीचं गाणं व्हायचं. तिचं म्हणजे तिचंच. तिचं नाव, तिच्या आईबापाची हकिकत, ती कशाला भिते, कशाला हसते, सगळं त्यात. ते ऐकून सासरची वडीलधारी बाई पुढं व्हायची आणि सुनेचा हात धरायची. माणूस गेलं तरी तेच. त्याचं गाणं झाल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. एक गाणं एका माणसाचं, ते दुसऱ्याला लावायचं नाही.

ही सगळी गाणी सारजा करायची. आधी दोन दिवस त्या घरी जाऊन बसायची. विचारायची, ऐकायची. मग मुसळ चालवता चालवता ओळी जुळवायची. आणि गाव तिला काय द्यायचं? एक नारळ आणि तोंडभर कौतुक. देवानं गळा दिलाय हो तुला, म्हणायचे. देवानं दिलाय म्हणजे आता आपण काही द्यायला नको, एवढाच त्याचा अर्थ.

भात कांडताना तूस उडतं. बारीक, काटेरी, नाकातोंडात जाणारं. बारा वर्षं ते सारजाच्या घशात जात होतं. एका साली तिचा आवाज मधेच तुटायला लागला. वरची ओळ घेतली की खोकला. खोकल्यात कधी रक्ताचा ठिपका.

तेव्हा गावात एक म्हातारा संबळवाला आला होता. जत्रा, बाजार फिरत संबळ वाजवून पोट भरणारा माणूस. त्यानं तिचं गाणं ऐकलं, खोकलाही ऐकला. म्हणाला, "पोरी, मुसळ तरी धर नाहीतर गळा तरी धर. दोन्ही धरशील तर वर्षभरात मुकी होशील."

मुकी होशील. दुसरं कुणी असतं तर रडत बसलं असतं. सारजानं विचार केला. सुतार गावाचं काम करतो, त्याला खळ्यावर भाताचा वाटा मिळतो. लोहाराला मिळतो. कुंभाराला, न्हाव्याला मिळतो. मी गावाची लग्नं लावून देते, गावाची मढी मार्गी लावते. मला का नको?

सुगीत गाव पाटलाच्या खळ्यावर जमलं, तेव्हा ती उभी राहिली आणि सरळ बोलली. मुसळ सोडतेय, गळा जातोय, म्हणाली. घरटी वर्षाला एक सूप भात द्या, बाकी मी काही मागत नाही. तुमची सगळी गाणी करीन आणि नीट करीन.

गाव हसलं. नुसतं हसलं नाही, पोट धरून हसलं. सुतार, जो स्वतः वाटा घेऊन बसला होता, तोच सगळ्यांत आधी हसला. एकानं विचारलं, मग आता शीळ घालणाऱ्यालाही सूप द्यायचं का. दुसरा म्हणाला, आमचा बैलही छान हंबरतो, त्याचाही वाटा काढा.

पाटील हसला नाही. त्यानं समजूत घातली, आणि ती हसण्याहून वाईट. म्हणाला, "सारजे, गाणं हे काय काम आहे का? काम करून उरलेल्या वेळात माणूस गातो. तू कांड आणि गा. आम्ही कधी नको म्हटलंय?"

पाटलीण पदर सावरत म्हणाली, "आणि नाही गायलीस तरी आमचं अडत नाही बाई. तुझी सगळी गाणी मला पाठ आहेत."

सारजानं कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. ती घरी गेली, मुसळ उखळाला टेकवून ठेवलं, दाराला कडी घातली आणि संबळवाल्याच्या मागनं डोंगर उतरून गेली.

आता तुम्हाला वाटेल, खाली गेल्या गेल्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. तसलं काही होत नाही. पहिल्या बाजारी ती दिवसभर गायली आणि लोक तिच्यासमोर उभं राहून कांद्याचा भाव करत होते. दुसऱ्या बाजारी चार माणसं थांबली, तर म्हणाली, तुझं हे नवीन राहू दे, ऐकलेलं काहीतरी म्हण. लोकांना नवं गाणं नकोच असतं. त्यांना जुनंच पाहिजे असतं, आणि तेही फुकट. सारजा कुळथाची पेज प्यायची, घसा शेकायची आणि पुन्हा उभी राहायची. भूक लागली की मुसळाची आठवण यायची. कुठल्याही दारात जाऊन कांडते म्हटलं असतं तर संध्याकाळी भात मिळाला असता. गेली नाही. तूस पुन्हा गळ्यात गेलं तर आवाज कायमचा जाईल, हे तिला ठाऊक होतं.

सहाव्या की सातव्या बाजारी सुकी मासळी विकणारी एक बाई तिला म्हणाली, "एवढी लोकांची गाणी गातेस, माझं कर की. आमच्या अंगाला वास येतो म्हणून आमचं गाणं नसतं का?" सारजा तिच्या टोपलीपाशी बसली. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्या बाईचं गाणं झालं तेव्हा मासळीची अख्खी रांग हातातलं काम टाकून उभी होती, आणि ती बाई टोपलीत तोंड घालून रडत होती.

तिथून वाट फुटली. पण वाटही तिलाच तोडावी लागली. ती खळ्याखळ्यावर गेली आणि जे वर मागितलं तेच खाली मागितलं, घरटी एक सूप. तीन गावांनी हाकललं. एका गावानं कुत्रं सोडलं. मग एक गाव हो म्हणालं. दोन सुगी जाईतो नऊ गावं झाली. सारजा पोटभर जेवायला लागली, खोकला गेला, गळा पुन्हा मोकळा झाला. सकाळी उठायचं ते गाण्यासाठी, निजायचं ते गाणं करून. हेच तिचं काम झालं. दुसरं नाही.

आणि वरच्या गावाचं काय चाललं होतं? सांगते.

सारजा गेली त्याच साली पाटलाची आई अंथरुणाला खिळली. म्हातारी रोज विचारायची, सारजा आली का. माझं गाणं करायला तिला बसवा माझ्यापाशी. सारजा गायची ते खालचे बाजार अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते. माणूस पाठवला असता तर सारजा आली असती. पण पाटील म्हणाला, कांडपिणीपुढं हात जोडायला मी मोकळा नाही. आईला सांगितलं, येतेय, वाटेत आहे. म्हातारी दाराकडं बघत बघत गेली. तिरडी मुकी उचलली. त्या गावात तसं कधी झालं नव्हतं. लोकांनी माना खाली घातल्या आणि घरी येऊन जेवले.

वर्ष सरलं आणि पाटलाच्या मंजुळेचं लग्न ठरलं. नवरामुलगा घाटापलीकडचा, घर तोलामोलाचं. मांडव झाला, पंगती झाल्या, वऱ्हाड शिवेवर आलं. नवऱ्याची आत्या पुढं येऊन म्हणाली, आता पोरीचं गाणं होऊ द्या, तिची ओळख पटू द्या.

पाटलीण उभी राहिली. गाणी तिला पाठ होती ना. तिनं बनूचं गाणं धरलं. बनू ही गावातलीच एक पोर, तीन वर्षांमागं सासरी गेलेली. पाटलिणीला वाटलं, नाव बदललं की झालं. चाल गोड होती. लेक निघालेली, डोळे भरलेले, मन ठिकाणावर नाही, आणि पाठ केलेली जीभ आपली आपण पुढं धावली.

मंजुळा माझी गुणाची, नदीनं बाप नेला,
पुरात पागोटं गेलं, मांडव पोरका झाला.

बनूचा बाप खरंच पुरात गेला होता. मंजुळेचा बाप नवं पागोटं बांधून बायकोच्या शेजारी उभा होता. भरल्या वऱ्हाडापुढं बाईनं आपल्या तोंडानं जित्या नवऱ्याला नदीत ढकललं.

मग नवऱ्याच्या आत्यानं विचारलं, "पोर बिनबापाची म्हणता, मग हे पागोटंवाले कोण? आणि ही पोर तरी कुणाची?"

पाटील सांगायला गेला की चुकून झालं, गाणं दुसरीचं होतं. ते तर आणखी वाईट. आत्या म्हणाली, आमच्याकडं दुसरीचं लुगडं नेसवून पोर पाठवत नाहीत, तुम्ही दुसरीचं गाणं घालून पाठवता. उद्या सांजेपर्यंत तिचं स्वतःचं गाणं होऊ द्या, नाहीतर वऱ्हाड मोकळं परत जाईल. आणि सगळं वऱ्हाड शिवेवरच्या चिंचेखाली बसलं. मंजुळा मधेच उभी. ना इकडची, ना तिकडची.

आता मात्र पाटलाला वाट सापडली. जी वाट मरत्या आईसाठी लांब होती, ती अब्रूसाठी जवळ झाली. तो धावत खाली गेला.

सारजा एका मेंढपाळाच्या मांडवात बसली होती. त्याच्या मुलीची पाठवणी होती. पाटलानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, चल, आत्ताच ऊठ. सारजा म्हणाली, या पोरीला मी शब्द दिलाय. हिचं झालं की तुमच्या मुलीचं.

"मेंढक्याच्या पोरीसाठी पाटलाला थांबवतेस?"

"काम आहे पाटील," सारजा म्हणाली. "काम टाकून येता येत नाही."

पाटील लोकरीच्या घोंगडीवर बसून राहिला. दुसरं करणार काय? मेंढपाळाच्या पोरीचं पूर्ण गाणं त्याला ऐकावं लागलं. तिच्या आवडत्या लंगड्या कोकराचं नावसुद्धा त्या गाण्यात होतं. सगळा मांडव रडला. पाटलानं पागोटं डोळ्यांवर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सारजा शिवेवर आली. मंजुळेचा तिनं राग धरला नाही. त्या पोरीनं काय केलं होतं? तिला झाडामागं नेऊन बसवलं, दुपारपर्यंत विचारलं, ऐकलं. उन्हं उतरायच्या आत गाणं झालं. मंजुळा विजेला भिते आणि हसू आलं की तोंडावर हात न ठेवता हसते, हे तिच्या आईलाही त्या दिवशीच कळलं. आत्या उठली, पोरीचा हात धरला, वऱ्हाड गेलं.

मग पाटलानं सगळ्या गावादेखत सांगितलं की या सुगीपासून सारजाला घरटी एक सूप. कुणी हसलं नाही. सुतार जमिनीकडं बघत होता. सारजा म्हणाली, मी आता तुमच्या गावची नाही. नऊ गावं आहेत, तुम्ही दहावं. पाळी येईल तशी येईन, आणि काम असेल तर चार दिवस आधी सांगावा धाडायचा. गावानं मान हलवली.

सारजा निघाली तेव्हा पाटील तिच्या मागोमाग गेला. त्याचा आवाज खाली आला होता. "सारजाबाई, आईचं तेवढं राहिलंय. तिचं गाणं करा. काय म्हणाल ते देतो."

सारजा थांबली. विचारलं, "म्हातारीचं माहेरचं नाव काय होतं?"

पाटील पागोटं चाचपायला लागला.

"लहानपणी ती कुठल्या झाडाखाली खेळायची? गाईची धार काढताना काय गुणगुणायची? जाताना तिला भीती कशाची वाटत होती?"

पाटलानं पाटलिणीकडं बघितलं. पाटलिणीनं गावाकडं. गावात एकालाही ठाऊक नव्हतं.

"हे मी तिला विचारलं असतं," सारजा म्हणाली. "ती माझी वाट बघत होती तेव्हा. आता कुणाला विचारू? तुमचं पागोटं केवढं होतं, त्याचं गाणं करू का?"

ती डोंगर उतरून गेली, कारण खाली एका घरी तिला काम होतं. पाटील शिवेवर उभा राहिला. सूपभर भात द्यायला आता तो तयार होता, पण त्या भातानं मेलेल्या बाईचं तोंड उघडणार नव्हतं. त्या गावात पुढं प्रत्येकाचं गाणं झालं. पाटलाच्या आईचं झालं नाही ते नाहीच झालं.

तात्पर्य: ज्याच्या कलेवाचून तुमचं अडतं, त्याच्या कलेला काम म्हणा आणि वेळेवर त्याच्या पोटाचं बघा, वेळ निघून गेल्यावर दिलेलं सूप मढ्याच्याही उपयोगाचं नसतं.