काळ्या पट्टीतले हात

“ह्यो काळो पट्टो कसलो रे?”

विसरामबाबांनी डाव्या हाताने टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर अवधूतने टिपलेला बाहुल्यांचा खेळ चालू होता. चित्राच्या वर एक काळी पट्टी होती, आणि खालीही तशीच.

“ती येतेच, बाबा,” अवधूत म्हणाला. “चित्र रुंद घेतलंय ना. वाइडस्क्रीन. सिनेमासारखं.”

“रुंद म्हणजे कडेक वाढला?”

अवधूत ‘हो’ म्हणणार होता. तो शब्द तोंडातच राहिला.

अवधूत कोल्हापूरचा. गेली तीन वर्षं कॉलेजला सुट्टी लागली की तो कुडाळपलीकडच्या या वाडीत येऊन राहायचा आणि बाबांकडे कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या धरायला शिकायचा. पण दोऱ्यांपेक्षा त्याचा जीव कॅमेऱ्यात अधिक रमे. बाबांचा मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला होता. त्याने बाहुल्यांना कधी हात लावला नव्हता. बाबांनंतर ही विद्या उरेल ती माझ्या टेपमध्येच, असं अवधूत मित्रांना सांगे, आणि सांगताना त्याची मान जरा ताठ होई.

मागच्या महिन्यात बाबांनी त्याच्यासाठी एक गोष्ट केली होती. उभ्या जन्मात त्यांनी ती कधी केली नव्हती. खेळ करणाऱ्याचे हात झाकणारा वरचा पडदा त्यांनी उतरवला, आणि भरदुपारी, रिकाम्या पडवीत, रावण गोसाव्याच्या वेषात सीतेच्या दारी येतो तो सगळा खेळ एकट्या कॅमेऱ्यापुढे करून दाखवला.

त्यानंतर अकराव्या दिवशी बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पायही वाचले. उजवा हात मात्र गेला. तो आता मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

“कॅमेरो घेऊन ये,” बाबा म्हणाले.

अवधूतने आणला. छोटाच होता, तळहातावर मावेल एवढा. त्याने तो पडवीच्या दिशेने धरला.

“खांब खंय आसा?”

“डावीकडे. अगदी कडेला.”

“आता ता रुंदाचा बटन दाब.”

त्याने दाबलं.

“आता खंय आसा?”

“...तिथेच.”

“मगे वाढला काय?”

अवधूतने कॅमेरा खाली घेतला. “काही नाही, बाबा. या साध्या कॅमेऱ्याला रुंद होता येत नाही. तो वरचं आणि खालचं कापतो. मग उरलेलं रुंद दिसतं.”

“तुका ह्या ठाऊक होता?”

“होतं.”

टीव्हीत सीता दारात उभी होती. दोऱ्या तिच्या डोक्यापासून वर जात होत्या आणि काळ्या पट्टीत नाहीशा होत होत्या. तिची पावलं खालच्या पट्टीत गेली होती.



“सुरुवातीला हात येत होते,” अवधूत म्हणाला. “पहिलं मिनिटभर मी तसंच घेतलं. मग... ते बरे दिसेनात. नखं काळी, शिरा वर आलेल्या. खाली बाहुल्या इतक्या देखण्या, आणि वर ते हात आले की सगळं मोडायचं. म्हणून मी बटण दाबलं. ते पहिलं मिनिटही नंतर पुसून टाकलं.”

त्याला वाटलं, आता बाबा घरातून जायला सांगतील. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाबांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

“खरा आसा,” ते म्हणाले. “बरे दिसत नाय ते. म्हणान तर आमी पडदो लावतो.”

मग म्हणाले, “तुझ्यासाठी काढललो तो.”

अवधूतने खाली मान घातली. आजवर बाबा त्याला रागावले होते, त्यांनी बोटांवर छडीही मारली होती. पण असं हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते.

“बाबा, आता काय करू?”

“उठ.”

तो उठला.

“टीव्हीकडे जा. त्या पट्ट्यार हात धर.”

अवधूतला कळेना. तरी तो टीव्हीला बाजूने अंग टेकून, पडदा दिसेल असा उभा राहिला आणि दोन्ही हात वरून काळ्या पट्टीपुढे सोडले. जिथे बाबांचे हात असायला हवे होते, बरोबर तिथे.

“सीतेची मान वळली,” बाबा म्हणाले. “कुठल्या बोटान?”

“दिसत नाही, बाबा.”

“बाहुलीक विचार.”

त्याने टेप मागे घेतली. पुन्हा पाहिलं. मान आधी किंचित कलत होती, मग वळत होती. म्हणजे करंगळी... आणि मग मधलं बोट. त्याने तसं केलं. सीता केव्हाच वळून मोकळी झाली होती.

“अजून ती तुका नाचवता,” बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा टेप लावली. आणि पुन्हा. दुपार कलली. खांदे भरून आले. भिक्षा घेऊन सीता पुढे येते, पाऊल उचलते आणि थबकते, त्या जागी तो तीन वर्षं चुकत आला होता. आता तर ते पाऊलच दिसत नव्हतं. दिसत होता फक्त खांदा, जरासा मागे राहिलेला. अवधूतने बाबांकडे पाहणं सोडलं. मग टेप किती वेळा लावली ते मोजणंही सोडलं.

केव्हातरी त्याचं मनगट आपणहून थांबलं.

त्याच्या मागोमाग सीता थांबली.

अवधूतच्या डोळ्यांना धार लागली. हात गुंतले होते, पुसता येईना.

“बाबा,” तो म्हणाला, “या वेळी मी आधी थांबलो.”

विसरामबाबांनी डोळे मिटले होते.

“मगे टीव्ही बंद कर. हात तसेच ठेव.”